डावा हात दोनदा

मुकादम, तुम्हाला जाऊन किती पावसाळे झाले ते मी मोजत नाही. आपल्या पाटोद्याकडच्या माळावर पावसाळे मोजणं तसंही फसवं, निम्मे येतच नाहीत. आज सकाळी शेडवर एक नवी बाई आली. ऊसतोडीला गेली असताना कोयता लागून मनगटाची शीर तुटली, दोन बोटांत जीव राहिला नाही, टोळीत आता तिला कुणी घेत नाही. मी म्हटलं, हात दाखव. तिने तो पदराखाली घेतला. ती घरी गेल्यावर मी कागद घेऊन बसले. पेनाला फडकं गुंडाळलंय, नाहीतर माझ्या बोटांत ते राहत नाही. अक्षर वाईट येतंय, पण तुम्हाला कुठे वाचता येत होतं.

मला महारोग झालाय हे घरात सगळ्यांच्या आधी तव्याला कळलं होतं. लग्नानंतर मी भाकरी नुसत्या बोटांनी उलटायचे, फुगलेल्या भाकरीची वाफ बोटांवर यायची आणि मला काही वाटायचं नाही. सासू शेजारणींना बोलावून दाखवायची, "आमच्या सुनंला चटका म्हणून बसत न्हाई. लई कामाची पोर हाय." सासूने जन्मात केलेलं तेवढं एकच कौतुक, आणि तेही रोगाचं. पुढे दंडावर आणि पाठीवर चट्टे दिसले तेव्हा त्याच सासूने आधी माझं ताट वेगळं केलं, मग अंथरूण, आणि मग मलाच. नवरा ओसरीवर खाली मान घालून बसला होता, तो उठलासुद्धा नाही. दिंद्रुडला भावाने गोठ्यात जागा दिली. गोळ्या घेतल्या, डॉक्टर म्हणाले रोग गेला, आता तुझ्यापासून कुणाला काही होत नाही. पण हातांचं कळणं परत आलं नाही आणि मलाही गोठ्यातून कुणी घरात घेतलं नाही. वहिनी ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. वाईट नव्हती ती, भ्यायलेली होती. वर्षभराने भावाला कुणीतरी तुमच्याबद्दल सांगितलं आणि तो मला तुमच्या शेडच्या दारात सोडून गेला.

तुम्ही खरोखरचे मुकादम होतात, वीस कोयत्यांची टोळी दरसाल कारखान्यावर नेणारे. रोग कळला त्या वर्षी टोळीने तुम्हाला अर्ध्या रस्त्यात ट्रकमधून उतरवलं, हे तुम्ही हसत हसत सांगायचात. म्हणायचात, "मी गड्यांना उचल देऊन बांधून घेतलं, पर त्यांनी मला कशानं बांधावं?" मग तुम्ही आपल्यासारखीच ओवाळून टाकलेली माणसं गोळा केलीत. बांधाबांधावर घायपात फुकट उभं होतं. त्याच्या पानांचा वाख, म्हणजे धागा, काढायचा, पीळ द्यायचा, जनावरांची दावी आणि कासरे वळायचे. या जिल्ह्यात सोसायटी म्हटलं की मोठ्या लोकांचे कारखाने डोळ्यासमोर येतात. आपली सोसायटी पत्र्याखालची, चौदा माणसांची, त्यात धड बोटं मोजली तर सत्तर भरली नसती. आता गाडीतून साहेब लोक येतात, याला सामाजिक उद्योग म्हणतात आणि फोटो काढतात. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, दावं घेणार का फोटूच बांधणार जनावराला.

तुम्ही माझ्याशी बोललेला पहिला शब्द होता, "हात दाखव." मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "इथं सगळ्यांचेच तसले हायेत," तुम्ही म्हणालात, आणि माझा हात तुमच्या आखूड बोटांत धरून उन्हाकडे केलात, तळवा बघितलात, बोटांच्या बेचक्या बघितल्यात. बाजारात जोंधळा बघावा तसं. मग म्हणालात, "चांगला हाय. राख त्याला."

राखायची रीत कडक होती. पत्र्याचा तुकडा टांगलेला होता, त्यावर दिवसातून तीनदा ठोका पडायचा. ठोका पडला की काम टाकायचं, हाताला गुंडाळलेली फडकी सोडायची, जोडीजोडीने समोरासमोर बसायचं आणि एकमेकांचे तळवे आणि तळपाय बघायचे. चहा कानाच्या कपातच, स्टीलचा पेला शेडमध्ये आणायचा नाही. संध्याकाळी घमेल्यात हात भिजवायचे, मग तेल. स्वयंपाक माझ्याकडे आला तेव्हा तुम्ही सुताराकडून सांडशीला हातभर लाकडी दांडा बसवून आणलात आणि माझ्यापुढे ठेवलात. "सासूला निरोप धाड," म्हणालात, "भाकर आता लाकूड उलटतंय." मी हसले. सासर सोडल्यावर पहिल्यांदाच हसले असेन.

आणि तरीही मी ती सांडशी वापरली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दुष्काळाचं साल होतं. आडाला पाणी नव्हतं, टँकर येईल त्या दिवशी खरा. टँकरजवळ गावातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "प्यायला पानी न्हाई आन् हे बसलेत हात भिजवत." तुम्ही घागर खाली ठेवलीत, त्याला तळवा दाखवलात आणि म्हणालात, "पाऊस असला की तुमी रान भिजवता. आमचं रान हेच हाय." तो बाजूला सरला, पण घागर उचलायला पुढे आला नाही. त्याच महिन्यात तलवाड्याच्या बाजूला चारा छावणी उघडली. जनावरं आली, दावी हवी होती, आणि छावणीवाल्याने सांगितलं की ठरल्या दिवशी माल आला तर उन्हाळाभर तुमच्याकडूनच घेऊ, नाहीतर शहरातून नायलॉन आणू. नायलॉन एकदा आलं की घायपाताला कोण विचारतं. म्हणून सगळे रात्रंदिवस कामाला जुंपले. मी भाकरी उरकून दाव्याला बसायची घाई करू लागले. सांडशीने एकेक भाकर उलटायला वेळ लागतो. बोटांनी झटकन होतं. जुनी सवय, आणि थोडा माज, खोटं कशाला बोलू.

उजव्या तळव्याला भाजलं ते मला वासाने कळलं. फोड आला, वाखाने तो फुटला. दुखत काहीच नव्हतं. भीती मात्र होती आणि ती एकच होती: जखम दिसली की दाव्यावरून उठवतील, हात गेला तर काम गेलं, आणि काम गेलं की परत भावाचा गोठा. माझी जोडीदारीण तलवाड्याची आजी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात अगदी नाकाशी नेऊन बघायची. मी तिला डावा हात दाखवायचे, मग फडकं सोडल्यासारखं करायचे, जरा वळायचे आणि पुन्हा डावाच पुढे करायचे. "दोनी चांगले हायेत गं," म्हातारी म्हणायची. असे चार दिवस. म्हातारीला फसवलं याची लाज मला आजही वाटते, जखमेची नाही वाटत.

पाचव्या दिवशी तुम्ही तयार दावी बघत होतात. एक दावं हातात घेऊन उन्हात गेलात. पांढऱ्या वाखात वीतभर लाल रेघ होती. प्रत्येकाचा पीळ तुम्हाला ओळखू यायचा. तुम्ही कुणाचं आहे असं विचारलं नाहीत, सरळ माझ्यापुढे येऊन बसलात आणि माझ्या हाताचं फडकं सोडलंत. फडक्याबरोबर कातडंही आलं. आजी रडायला लागली. तुम्ही ओरडाल म्हणून मी मान खाली घातली होती.

"कावून लपवलंस गं?"

"दुखत न्हाई मुकादम. खरंच काय दुखत न्हाई."

"म्हनूनच इचारतोय. ज्याला दुखतं त्याला दुखनं राखतं. आपल्याला कोन राखनार?" मग तुम्ही तुमचा हात माझ्या डोळ्यांपुढे धरलात. "ही बोटं रोगानं न्हाई नेली. गोळ्यांनी रोग गेल्यावर गेलीत ही. माज्या हुशारीनं. मी बी म्हनायचो, काय दुखत न्हाई."

तीन दिवस टँकर नव्हता. तुमच्या वाट्याच्या पाण्याची कळशी तुम्ही घमेल्यात ओतलीत, सगळी. मी नको नको म्हणत होते आणि तुम्ही माझा हात त्यात दाबून धरला होता. त्या दिवशी तुम्ही घोटभर पाणीही कुणाकडे मागितलं नाहीत. दुपारी आजीने तिच्यातलं अर्धं दिलं. मी ते बघितलं, आणि मला तुमची फार भीती वाटली. आपल्यासाठी कुणी इतकं करतं याची सवय नसली की भीतीच वाटते.

रात्री मी गाठोडं बांधून ठेवलं. सकाळी तुम्ही ते बघितलंत, पायाने भिंतीकडे सरकवलंत आणि म्हणालात, "आजपासून सगळ्यांचे हात तू बघायचे." मी म्हटलं, मीच तर लबाडी केली. "तेच म्हनतो. चोराच्या वाटा चोराला ठावूक. लपवायचं कसं ते तुला कळतंय, मग हुडकायचं बी तुलाच कळंल." सगळे हसले. मला वाटलं थट्टा चाललीय. पण ठोका पडला आणि तुम्ही खरंच मला मधोमध उभं केलंत. मी एकेकाकडे गेले. एकाने मुठीत चीर लपवली होती, ती काढली. एका बाईच्या बेचकीत वाखाचं कुसळ रुतलेलं होतं. मग धीर चेपला आणि मी तुमच्यापुढे येऊन म्हटलं, "मुकादम, पाय." तुम्ही म्हणालात माझं काय बघतीस. मी तशीच उभी राहिले. तुम्ही चप्पल काढलीत, तर तळातून खिळा वर आलेला, आणि टाचेला बोर मावेल एवढं भोक. कधीपासून घेऊन हिंडत होतात देव जाणे. सगळे हसून हसून लोळले. तुम्हीही हसलात, आणि मग दोन आठवडे आपण दोघं दाराशी बिनकामाचे बसलो, तुमचा पाय पाटावर आणि माझा हात मांडीवर.

दावी चार दिवस उशिरा गेली. छावणीवाल्याला तुम्ही सरळ सांगितलंत, आमच्या बाईचा हात जायला आला होता. तो म्हणाला, टाका उतरवून. उन्हाळाभर त्याने आपलाच माल घेतला. माझी करंगळी वाकडी राहिली, बाकी हात वाचला. त्याच हाताने हे लिहितेय.

तुम्ही तापाने गेलात तेव्हा आंघोळ घालायला बाहेरचं कुणी आलं नाही, आणि आम्हाला बाहेरचं कुणी नकोच होतं. पाणी घालताना मी तुमचे दोन्ही तळवे उलटे करून बघितले. एक ओरखडा नव्हता. तुम्ही नीट राखले होतेत. मी बाकीच्यांना तसं सांगितलं आणि मग रडले. तुमच्यामागे ठोका माझ्याकडे आला. आता नायलॉनच सगळीकडे आहे, आपण पिशव्या आणि पायपुसणी करतो. महारोगाची माणसं कमी झाली ही चांगलीच गोष्ट, पण ज्यांना कुणी कामावर घेत नाही अशी माणसं काही कमी होत नाहीत. त्या नव्या बाईला आज मी नुसतं हात दाखव म्हटलं. उद्या ठोका पडेल तेव्हा आधी माझे हात तिच्यापुढे धरेन.

हा कागद कुणाकडे द्यायचा नाही, चुलीतही घालायचा नाही, घडी करून उशाखाली ठेवेन. एक तेवढं सांगायचं राहिलं. सगळ्यांचे हात मी बघायचे आणि माझा हात संध्याकाळी तुम्ही बघायचात. कितीदा तरी मी म्हणायचे, मुकादम, इथं जरा नीट बघा, काहीतरी आहे. तुम्ही हात उन्हाकडे करून फिरवून फिरवून बघायचात आणि म्हणायचात, न्हाई गं, काय न्हाई. काही नसायचंच, मला ते आधीच माहीत असायचं. सासरहून निघाल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता. तुमच्या बोटांना माझा हात कळत नव्हता आणि माझ्या हाताला तुमची बोटं कळत नव्हती. तरी मी रोज पुढे करायचे.