सेव्ह केलंय, म्हणजे झालं

२ मार्च, सोमवार. सकाळी पावणेदहा.

पहाटे पाचला उठून ही रोजनिशी सुरू करायची होती. गजर लावला होता. वाजला नाही. फोन जुना झालाय. असो. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

आजपासून तीन नियम. पाचला उठणे. चहाबरोबर बिस्किट बंद. ताईच्या वेबसाइटची संपूर्ण जबाबदारी माझी.

तिसऱ्या नियमाबद्दल थोडं. ताई दिवसभर एका फोटो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढते. हनुवटी वर, खांदे सरळ, डोळे मिटू नका. बारा वर्षं हेच. संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर जुने, फाटके, डाग पडलेले फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. लोक तिच्या वेबसाइटवर फोटो चढवतात, ती नीट करून परत पाठवते. हात चांगला आहे तिचा, मी तोंडावर बोलत नाही. आता एका संग्रहालयाला वर्षभर हेच काम करणारं माणूस हवंय. अठरा तारखेला सकाळी दहा वाजता तिथल्या मुख्य बाई चाचणी म्हणून त्यांचे फोटो साइटवर चढवणार. जमलं तर काम ताईचं, आणि स्टुडिओ सुटला. नाही जमलं तर हनुवटी वर, खांदे सरळ.

ताईने मला एवढंच सांगितलं होतं की एकेक फोटो पन्नास एमबीपर्यंत असेल, तेवढा जाईल का हे सर्व्हरच्या कंपनीला फोन करून विचार. फोन कशाला? घरात माणूस असताना?

३ मार्च. सकाळी साडेनऊ.

गजर वाजला असं भावोजी म्हणतात. त्यांनीच येऊन बंद केला म्हणे. मला कल्पना नाही.

अभ्यास सुरू. साइट पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेली आहे. सर्व्हरवर तिची एक सेटिंगची फाइल असते. केवढी फाइल आत घ्यायची, एका कामाला किती वेळ द्यायचा, चूक झाली तर सांगायची की गिळायची, सगळं त्यात. थोडक्यात, कार्यालयाचे नियम. म्हणजे माझाच विषय. छापखान्यात मी हजेरी ठेवायचो ते काय वेगळं होतं? तिथे मालकांनाच लेटमार्क दिला म्हणून नोकरी गेली. तत्त्वाचा प्रश्न होता. ताई म्हणते मालक वेळेवर आले होते, माझं घड्याळ पुढे होतं. ताईला बारकावे कळत नाहीत.

ऑनलाइन कोर्स घेतला. पहिले चार धडे दुप्पट वेगाने बघितले. शेवटच्या धड्याचं नाव ‘रीस्टार्ट आणि तपासणी’. बंद करून चालू करणे. हे मला लहानपणापासून येतं. सोडून दिला.

बिस्किट एकच. तेही तुटलेलं होतं.

५ मार्च. दुपारी.

फाइल उघडली. काय तो कारभार. साइट बनवणाऱ्याने नुसती उधळपट्टी करून ठेवलीय.

अपलोडची मर्यादा चौसष्ट. कशाला? मागितलेत पन्नास, तर पन्नास. माणसाला सवलत दिली की तो सोकावतो, मशीनचंही तेच. खोडून पन्नास केलं. एका खेपेला एकूण किती पाठवायचं त्याची मर्यादा याहून जास्त होती, तिलाही पन्नासवर आणलं. आकड्याला चिकटून एक ‘एम’ होता. तो कशाला? पन्नास म्हणजे पन्नास, सगळ्यांना कळतं. दोन्हीकडचा काढला.

एका कामाला तीनशे सेकंद दिलेले. पाच मिनिटं! छापखान्यात एवढ्या वेळात लोक चहा पिऊन, हात धुऊन परत यायचे. पाच सेकंद केले.

सेव्ह केलं. ताईने संध्याकाळी विचारलं की लागू झालं का. म्हटलं, सेव्ह केलंय, म्हणजे झालं.

७ मार्च.

चाचणी. ताईने एक मोठा फोटो चढवून बघितला. गेला. मी फक्त भावोजींकडे बघितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते.

एक गंमत. फोटो आत गेल्यावर साइट त्याची छोटी प्रत बनवते. पाच सेकंदांची मर्यादा घातलेली असूनही आज प्रत बनवायला अर्धं मिनिट लागलं, आणि ती बनलीच. म्हणजे नेमलेला वेळ संपल्यावरही सर्व्हर काम सोडून उठला नाही. धाक असला की असं होतं.

९ मार्च, सोमवार. सकाळी अकरा.

नवीन आठवडा, नवीन सुरुवात. उद्यापासून पाच.

आज फाइलमध्ये आणखी खोल गेलो. चूक झाली तर ती स्क्रीनवर दाखवायची की नाही, अशी एक सेटिंग आहे. बंद होती. लपवाछपवी मला पटत नाही. चालू केली. आणि तिच्या खालीच एक रत्न सापडलं. चूक दाखवण्याआधी आपल्याला हवा तो मजकूर दाखवता येतो. ही जागा रिकामी पडली होती. एवढे दिवस कुणालाच सुचलं नाही.

बराच वेळ विचार करून लिहिलं: ‘चूक तुमची आहे. आधी नीट वाचा, मग करा. शिस्त पाळा.’

आधी ‘कृपया’ घातला होता. मग काढला. कृपया म्हटलं की लोक मनावर घेत नाहीत. सेव्ह.

११ मार्च.

भावोजी आपणहून म्हणाले की साइट हल्ली झटकन उघडते. रविवारी त्यांनी घरातलं इंटरनेटचं डबडं बदललं, त्यामुळे असेल म्हणे. बिचारे शाळेत भूगोल शिकवतात, त्यांना सर्व्हरमधलं काय कळणार. मी वाद घातला नाही. मोठेपणा कधीकधी गप्प बसण्यात असतो.

ताईने परत विचारलं, सगळं लागू झालंय ना, तपासलंस ना. सेव्ह केलंय, असं सांगितलं. हा प्रश्न ती तिसऱ्यांदा विचारतेय.

आज दोन बिस्किटं. विजयाची.

१४ मार्च. दुपारी.

कंपनीकडून ईमेल. अठरा तारखेला पहाटे देखभालीसाठी सगळे सर्व्हर बंद करून परत चालू करणार, काही अडचण असल्यास आधी कळवा. मला काय अडचण असणार? उलट बरंच आहे. चाचणीच्या दिवशी सर्व्हर ताजातवाना मिळेल. असल्या ईमेल आता थेट माझ्याकडे येतात, ही लहान गोष्ट नाही.

१७ मार्च, मंगळवार. संध्याकाळी.

ताईने उद्याची रजा टाकली. स्टुडिओच्या मालकांनी तोंड वाकडं केलं म्हणे. तिने उद्यासाठी चांगला ड्रेस काढून ठेवला. बाई तिला बघणारही नाहीत, फोटो साइटवर येणार. तरी काढला.

जेवताना ती घाबरत घाबरत म्हणाली की एकदा कंपनीला फोन करून विचारायचं का. मला लागलं ते. तसं सांगितलंही. म्हटलं, दोन आठवडे मी रक्ताचं पाणी केलंय आणि तुला अजून परक्या माणसाला विचारायचंय? ती म्हणाली, बरं, नाही करत, तुझ्यावर सोडते. आणि स्वतःच्या ताटातली पोळी माझ्या ताटात वाढली.

उद्या पाचला उठायचं. उद्या खरंच.

१८ मार्च, बुधवार. सकाळी साडेनऊ.

उठलो. ताई कधीची कॉम्प्युटरसमोर बसली आहे.

दहा वाजून गेले.

काहीच आलं नाही. संग्रहालयाचं इंटरनेट हळू असणार.

थोड्या वेळाने.

बाईंचा फोन. त्यांनी पहिला फोटो चढवल्यावर स्क्रीनवर जे उमटलं ते ताईला वाचून दाखवलं. ताईने फोन स्पीकरवर ठेवला होता. चूक तुमची आहे. आधी नीट वाचा, मग करा. शिस्त पाळा. मग खाली काहीतरी इंग्रजी. बाई म्हणाल्या की त्यांनी नीट वाचून परत केलं. परत तेच. त्या बत्तीस वर्षं नोकरीत आहेत आणि शिस्त पाळा असं त्यांना कुणी म्हटलेलं नाही. हे कुणी लिहिलंय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

ताई म्हणाली, माझ्या भावाने.

पुढे म्हणाली, तो वाईट नाहीये.

फोन तिकडून ठेवला गेला.

दुपारी.

ताई बाहेर गेली. कुठे ते सांगितलं नाही. तोच ड्रेस घालून, लॅपटॉप घेऊन. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाली की आता नको, बस चुकेल.

मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी दुसरंच काहीतरी लिहीन.

संध्याकाळी.

शेवटी कंपनीला मीच फोन केला. सपोर्टवाल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. फाइलमधले बदल सर्व्हर बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाहीत. मी पाच तारखेपासून जे जे केलं, त्यातलं आज पहाटेपर्यंत काहीही लागू झालेलं नव्हतं. सगळं आज एकदम झालं. मी विचारलं, मग आतापर्यंत साइट चांगली चालली ती? त्या म्हणाल्या, म्हणूनच चालली.

आणि तो एम. एमशिवाय पन्नास म्हणजे पन्नास बाइट. पन्नास बाइटमध्ये फोटो सोडाच, माझं पूर्ण नाव आणि पत्तासुद्धा मावत नाही म्हणे. त्यांनी जुनी फाइल परत ठेवली, सर्व्हर बंद करून चालू केला, एक मोठा फोटो चढवून बघितला आणि मग मला सांगितलं की झालं. आधी चौसष्ट होतेच, पन्नास एमबीचा फोटो पहिल्या दिवसापासून आरामात गेला असता, हे त्या न विचारता बोलल्या.

चार बिस्किटं. कारण लिहीत नाही.

१९ मार्च.

ताई काल संग्रहालयातच गेली होती. बाईंनी आधी दारातूनच वाटेला लावायला बघितलं. हिने माफी वगैरे न मागता, तुमचा एक फोटो इथेच द्या, म्हणून त्यांच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. फोटोत कुणी म्हातारा होता, घडी बरोबर नाकावरून गेलेली. ताईने तासाभरात नाक जागेवर आणलं. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, परवा दहाला परत साइटवरून पाठवून बघते, पण तुमच्या भावाला घराबाहेर पाठवा.

हे सगळं मला भावोजींनी सांगितलं. ताई माझ्याशी चहापुरतंच बोलते.

२० मार्च, शुक्रवार.

दहा ते बारा बागेत बसलो. घरी आलो तर फोटो आले होते. सगळे.

ताई टेबलाशी बसून रडत होती. भावोजी तिला पाणी देत होते आणि हसत होते. मला बघून ती म्हणाली की तुझ्यात आणि त्या फाइलीत काडीचा फरक नाही, लिहिलेलं भरपूर, लागू काही नाही. मग म्हणाली, ये, बस.

बसलो.

२५ मार्च.

करार आला. वर्षभराचं काम ताईला मिळालं. कलम सात: काम चालू असेपर्यंत कंत्राटदाराच्या भावाने सर्व्हरला हात लावू नये. पूर्ण करारात ताईच्या खालोखाल उल्लेख कुणाचा असेल तर तो माझा. भावोजींना दाखवलं. त्यांनी मान्य केलं.

पासवर्ड बदललाय. मी विचारून बघितला, सहज.

३० मार्च, सोमवार. संध्याकाळी.

ताईने शनिवारी स्टुडिओ सोडला. जाताना तिने मालकांना माझं नाव सुचवलं. आज पहिला दिवस. नऊची वेळ, मी दहाला पोचलो. मालकांनी हजेरीच्या वहीत अर्धा दिवस मांडला. मी वहीकडे बघत उभा राहिलो. त्यांचं घड्याळ बरोबर होतं.

काम कळलं. माणूस स्टुलावर बसतो. हनुवटी वर, खांदे सरळ, डोळे मिटू नका. मग बटण. कॅमेऱ्यावर बाकी जेवढी बटणं आणि चकत्या आहेत, तेवढ्यांवर ताईनेच जाण्यापूर्वी टेप लावून ठेवलीय. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बघितलं, एका टेपचा कोपरा सुटला होता. खाली चकती दिसत होती. आकडा जरा जास्तच वाटला मला.

कोपरा अंगठ्याने दाबून परत चिकटवला.

घरी आलो तर ताई टेबलावर कामात होती. न बघताच विचारलं की लोक डोळे मिटतात ना. म्हटलं, सारखे. ती म्हणाली, तीन म्हणायचं आणि दोनला दाबायचं. बारा वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

उद्यापासून पाचला, असं लिहिणार होतो. राहू दे. गजर आठचा लावला, आणि लावल्यावर एकदा वाजवून बघितला.