बारावा काळा तुकडा

प्रिय ढब्बू,

फोन मधेच ठेवून देता येतो, पत्र नाही ठेवता येत, म्हणून लिहायला बसले. फार तर फाडशील. पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, कारण दुसऱ्याच्या हातातल्या कागदात डोकावल्याशिवाय तुला लहानपणापासून चैन पडलेलं नाही आणि हा तर तुझ्याच नावाने आलाय. वहिनीला म्हणावं, मी हे वाचतोय तोवर थोडा वेळ आत जाऊन बस. ती समोर असली की तू उगाच शूर होतोस.

तू शूर झालास तो फोन माझ्या डोक्यातून जात नाही. गुडघ्यात बसवलेल्या नव्या सांध्यावर जंतू ठाण मांडून बसलेत, कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत, हे आपल्याला कळून बरेच महिने झाले. हाडांच्या डॉक्टरांनी आता दोनच वाटा सांगितल्यात. एक, येत्या सोमवारी पाय मांडीतून काढायचा. दुसरी, त्याआधी गुडघा उघडून नीट धुवायचा आणि त्यात आमच्या प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू सोडून बघायचा, जो फक्त त्या जंतूंना मारतो. दवाखान्याची परवानगी आली, आमच्या प्रमुख बाईंची आली. अडलंय ते तुझ्या एका सहीवर. आणि तू मला म्हणालास, "जंतू कमी पडले म्हणून वर विषाणू घालून घेऊ? कापा म्हणावं एकदाचा," आणि फोन ठेवलास. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि चहा होईपर्यंत पुन्हा राग आला. तो अजून आहे, पण प्रेमाने लिहायचं ठरवलंय.

अरे, मी जन्मभर विषाणूंचे फोटो काढले. माझा संसार म्हणजे ती अंधारी खोली आणि तो माणसापेक्षा उंच सूक्ष्मदर्शक, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. तेव्हा माझ्या सासरच्या माणसांबद्दल वाटेल ते ऐकून कसं घेऊ? ते काही सगळे साधू नाहीत, मान्य आहे. पण ते कसे बनलेले असतात हे शिकलेल्या माणसांना समजवायला मला चित्रं काढावी लागली, आणि तुला एका वाक्यात कळलं होतं. आठवतं? मी तुला म्हटलं होतं, विषाणू म्हणजे चेंडू.

बाबा दाराशी बसून फुटबॉलचे चेंडू शिवायचे आणि आपण दोघं त्यांच्या दोन बाजूंना. गुडघ्यांत लाकडी चिमटा धरायचा, चिमट्यात दोन तुकड्यांच्या कडा, आरीने भोक पाडायचं आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्हीकडून ओढायचा. पांढरे सहाकोनी तुकडे वीस, काळे पाचकोनी बारा. माझं त्यात हमखास काहीतरी चुकायचं. काळ्याच्या जागी पांढरा लावला की चेंडू तिथे वळायचाच नाही, ताटासारखा सपाट व्हायचा, आणि शेवटी तोंडाला तोंड मिळायचं नाही. मग तू, माझ्याहून इतका लहान, तो माझ्या हातातून काढून घ्यायचास, बोटाने काळे मोजायचास आणि बाबांना ओरडून सांगायचास की ताईने परत ताट शिवलं. बाबा शेवटी म्हणाले, हिला शिकू दे, हिच्या हाती चेंडू सुरक्षित नाहीत. माझ्या शिक्षणाचं मूळ कारण हे आहे, लोकांना मी वेगळं सांगते.

आणि मग नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या अंधाऱ्या खोलीत, हिरव्या उजेडाच्या पडद्यावर, मला पहिल्यांदा एका विषाणूचं डोकं दिसलं. कोपरे कोपरे असलेला गोल. आमच्या तेव्हाच्या प्रमुख बाईंना विचारलं, कोपरे किती? त्या म्हणाल्या बारा, कमी असतील तर कवच बंदच होत नाही. मी मोठ्याने हसले आणि त्यांना वाटलं मुलगी वेडी आहे. त्या इवल्या कवचाचे तुकडे सगळे एकाच प्रकारच्या प्रथिनाचे, तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा, आणि त्यांना गोल वळवायला बारा ठिकाणी पाच-पाचांचा जोड लागतोच. घरी येऊन तुला हे सांगितलं तर तू जेवता जेवता थांबलास आणि विचारलंस, शिवतं कोण? मी म्हटलं, कुणीच नाही, तुकडे आपोआप एकमेकांना चिकटतात. तू म्हणालास, मग शिवणाऱ्यांनी खायचं काय? बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चेंडूत जसं ब्लॅडर, तसं कवचाच्या आत एक लांबच लांब धागा असतो. पुढचे विषाणू कसे घडवायचे ते सगळं त्या धाग्यात लिहिलेलं. विषाणूजवळ तेवढंच असतं. ना पोट, ना श्वास, ना स्वतःचं घर. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो म्हणजे नुसती एक बंद वस्तू. आता माणसाला त्रास देणारे काही विषाणू फार लबाड असतात. ते आपल्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच चरबीच्या पापुद्र्याची शाल पांघरून जातात, आणि शालीवर बाहेर आलेली बोंडं असतात, पुढच्या पेशीला धरायला. साबणाने ती शाल विरघळते, म्हणून साथीत मी तुझ्या मागे लागायचे की हात धू. धुतलेस की नाही देव जाणे.

तुझ्यासाठी जो वाढवलाय त्याला शाल नाही. त्याला आम्ही फेज म्हणतो. वर बारा कोपऱ्यांचं डोकं, त्यात ठासून भरलेला धागा, आणि बारांपैकी एका कोपऱ्याला भोक. तुझ्या चेंडूलाही हवा भरायला एकच भोक असतं, तसंच. त्या भोकाखाली शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला बारीक पाय. हे पाय वाटेल तिथे टेकत नाहीत. तुझ्या गुडघ्यातल्या त्या जंतूच्या अंगावर ज्या खुणा आहेत, त्या खुणांवरच बसतात. तुझ्या पेशींवर तशा खुणा नाहीत, त्यामुळे तू त्याच्या लेखी दगड आहेस. जंतूवर पाय टेकले की शेपटीचं बाहेरचं वेष्टण आखडतं, आतली नळी जंतूच्या कातडीत घुसते आणि डोक्यात दाबून भरलेला धागा आत जातो. डोकं रिकामं होऊन बाहेरच राहतं. मग तो जंतू बिचारा स्वतःचं काम विसरून आतल्या आत नवे फेज घडवत बसतो आणि शेवटी फुटतो. निघालेले फेज शेजारचे जंतू गाठतात. जंतू संपले की यांनाही कुणी उरत नाही, मग शरीर त्यांना झाडून टाकतं. ज्याला तू अंगात घालून घ्यायला घाबरतोस, तो तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही रे.

आता इकडची बातमी. निवृत्त झाले तरी बाईंनी मला मागच्या आठवड्यात त्या खुर्चीवर बसू दिलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला पडदा आधीपेक्षा छान दिसतो, हे त्यांना सांगून मी खुर्ची मिळवली. मसुराच्या दाण्याएवढ्या जाळीवर तुझ्या बाटलीतला एक थेंब ठेवला. आमच्याकडे विषाणूला रंग देत नाहीत, त्याच्या आजूबाजूला जड धातूच्या क्षाराचा पातळ थर देतात, म्हणजे भोवती काळोख होतो आणि मधला विषाणू उजळ दिसतो. पडद्यावर डोकी आली. बहुतेक डोक्यांच्या आतही काळोख होता. म्हणजे तो क्षार आत शिरला होता, म्हणजे धागा आधीच निघून गेला होता. शेपट्या आखडलेल्या. बाटली कुठेतरी थंडीत गोठून परत वितळली असावी. मी काही बोलायच्या आत मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनीही पाहिलं होतं. मग त्यांनी बाटली ओतून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून फेज वाढवायला घेतले.

काल दुसरी बाटली बघितली. ढब्बू, सगळी डोकी भरलेली. उजळ, टपोरी, कोपरे कोरल्यासारखे, शेपट्या ताठ. मी एकेक बघत बसले आणि तू आणि बाबा संध्याकाळी दाराशी चेंडू रचून ठेवायचात ते आठवून मला रडू आलं. यंत्रावर पाणी पडू नये म्हणून बाईंनी मला उठवलं. याने पाय वाचेलच असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. जंतू फारच दडून बसले असतील तर फेज तिथवर पोचणार नाहीत, आणि मग सोमवार आहेच, थोडा पुढे ढकललेला. पण बाटली रिकामी नाही, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगते आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, तू ऐकलं असतंस तर. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. वहिनीने मला सांगितलं की तू बाबांचा चिमटा देऊन टाकलास. कोपऱ्यावरच्या चांभाराला, आता मला काय करायचाय म्हणून. ते ऐकलं तेव्हा मला कळलं की तू विषाणूला घाबरलेला नाहीस. तू आणखी एकदा आशा धरायला घाबरतोस, कारण दोनदा धरलीस आणि दोन्ही वेळा ऑपरेशननंतर तापच आला. मला तुझं हे भ्यायलेलं मन फार जवळचं आहे, मी त्याला हसणार नाही. पण चिमटा मी परत आणला. चांभार भला माणूस आहे, म्हणाला मी तो वापरलाच नाही, असाच ठेवला होता. वहिनीकडून उरलेल्या तुकड्यांची पिशवी मागवून घेतली आणि चार दिवस बसून या वयात गुडघ्यांत चिमटा धरून चेंडू शिवला. आज दुपारी तोंडापाशी आले तर कडा जुळेनात. मोजलं. काळे अकरा. बारावा माझ्या मांडीवरून खाली पडला होता आणि त्याच्या जागी मी पांढरा लावून मोकळी झाले होते. जन्मभर बारा कोपरे बघितलेली बाई, आणि परत ताट शिवलं. शनिवारी दुपारी मी बाटली घेऊन तुझ्याकडे येते आहे. चिमटा, चेंडू आणि तो बारावा काळा तुकडाही आणते. माझी शिवण उसवायला, आणि शेवटची गाठ आत लपवून चेंडू बंद करायला, मला तुझे दोन्ही गुडघे लागणार आहेत. सही कर, राजा.

तुझीच, आणि अजूनही मोजण्यात कच्ची,
ताई