बरणीच्या तळाचा करडा

३ ऑक्टोबर

पुन्हा करडा! सकाळी लाल घेऊन बसले होते. शेजारची पेंकामावशी बाल्कनीत मिरच्या भाजत होती, करपलेल्या सालीखालून तो ओला लाल उघडा पडत होता — तो हवा होता मला. मिरची नको, फक्त लाल. संध्याकाळी पाहते तर कॅनव्हासभर ल्युबेनचा करडा. मेल्यावरही हा माणूस जागा सोडत नाही.

५ ऑक्टोबर

गॅलरीची इस्क्रा येऊन गेली. एकेक चित्र निरखून पाहिलं. मग, "सेव्दाताई, सुंदर आहेत हो. पण लोक म्हणणार, नवऱ्याचीच चित्रं बाईनं पुढं चालवलीत." कोट चढवता चढवता म्हणाली, "एक तरी तुमचं असं द्या. नाहीतर प्रदर्शनाच्या पाटीवर 'ल्युबेनच्या स्मरणार्थ' लिहू, म्हणजे प्रश्नच मिटला."

स्मरणार्थ! जन्मभर रंगात हात घातले ते कुणाच्या तरी स्मरणार्थ! इतका राग आला की तिला कॉफीसुद्धा विचारली नाही.

६ ऑक्टोबर

काही नाही. सुरीनं सगळं खरवडलं.

९ ऑक्टोबर

जवसाचं तेल जास्त झालं, लाल सुकायचं नाव घेत नाही. मावशी मिरच्यांची चटणी घेऊन आली. चित्रासमोर उभी राहिली. "धुकं का गं काढतेस सारखं? डॅन्यूबवर काय कमी पडलंय?"

"मावशी, लाल आहे ते."

"असेल बाई. मी चष्मा नाही आणला."

१२ ऑक्टोबर

सापडलं कुठून येतो ते. बरणी! ब्रश धुवायची. टर्पेंटाइनच्या तळाशी सगळ्या रंगांचा गाळ बसतो, तो करडा. पूर्वी रंग मिळायचे नाहीत, तेव्हा मी तो गाळ काढून चित्रात वापरायचे, टाकवायचा नाही. ल्युबेन चिडवायचा — "काटकसरी बाई!" मग एक दिवस त्यानंही त्यात ब्रश बुडवला. पुढं त्या करड्यावरच त्याचं नाव झालं.

तो गेल्यापासून वरचं टर्पेंटाइन बदलते, तळाला हात लावत नाही. त्याचे शेवटचे ब्रश त्यातच धुतलेत. कशी टाकू?

१३ ऑक्टोबर

नवी बरणी, नवे ब्रश, स्वच्छ लाल. दुकानाच्या पाटीसारखा दिसला. बघवेना. रडले. मग जुन्या बरणीत बोट घातलं आणि लालाच्या कडेनं एकच फटकारा ओढला — लाल पेटला! अगदी मिरचीच्या सालीखालचा!

म्हणजे त्याच्याशिवाय मला जमतच नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी मी आतच. इस्क्राला फोन केला, "लिही बाई, स्मरणार्थ."

२१ ऑक्टोबर

चित्र अजून ओलं, म्हणून चौकटवाल्या मेतोदीला मापं घ्यायला घरीच बोलावलं. ल्युबेनचा जुना दोस्त. तो चित्राकडे बघतच राहिला. त्यानं काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "माहितेय, त्याचाच करडा आहे."

"त्याचा?" मेतोदीनं टेप खाली ठेवली. "वहिनी, माझ्या दुकानात भुश्शात बसून रडायचा तो. 'मेतोदी, काहीही काढायला घेतो, शेवटी सेव्दाचाच करडा उतरतो. सुटका नाही रे यातून!'"

तूसुद्धा? मेल्या, मला कधी बोलला नाहीस!