कासवाची नोंद

४ नोव्हेंबर

मला रोजनिशी लिहायची सवय नाही. घरातलं पाळीव कासव हरवलं आहे. शोधाची रोज लेखी नोंद ठेवा, पुढेमागे चौकीत दाखवता येईल, असं मालकीणबाईंनी बजावलं, म्हणून लिहिते आहे.

परवाच आले. दहिवलीच्या पुढे, कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर हा बंगला. काम मालकीणबाईंच्या मुलीला, प्रियाला, शिकवायचं आणि घराकडे लक्ष द्यायचं. एकतीस वर्षं शाळेत काढल्यावर एकच मुलगी म्हणजे विश्रांती. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो, सभोवार भातकापणी चालू आहे. मालकीण भाग्यश्रीबाई नीट बोलतात. प्रिया नऊ वर्षांची, अक्षर सुरेख. स्वयंपाकाला वाडीवरची आवडी. तिची लहानगी पारू दिवसभर आईचा पदर धरून असते आणि अखंड बडबडते. आवडीची तांदळाची भाकरी इतकी मऊ की मी तिसरी मागून घेतली.

कासव तळहाताहून थोडं मोठं. कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून साखळीनं हौदाच्या कडीला बांधलेलं असे. आता नुसती साखळी उरली आहे.

५ नोव्हेंबर

बाग, गटार, लाकडांचा ढीग पाहिला. नाही.

भाग्यश्रीबाईंचा संशय आवडीवर. वाडीवरचे लोक कासव खातात म्हणे. पुरावा हवा, असं मी स्पष्ट म्हणाले. मग त्यांनी तोड काढली : कासव मिळेपर्यंत पारू इथंच राहील, नाहीतर चौकी. चौकीचं नाव ऐकताच आवडीनं पारूच्या मुठीतून पदर सोडवला. माझं मत विचारलं, तेव्हा मुलीला दोन वेळा जेवण मिळेल, चार अक्षरं येतील, असं मी म्हणाले.

जाताना आवडी माझ्यापाशी थांबली. "तुमी हाय ना बाई, मंग ठेवते. तिला रातचं पानी लागतं, तेवढं द्या."

७ नोव्हेंबर

आवडीनं दोन दिवस ओढे पालथे घातले. दोन कासवं आणली. प्रियानं दोन्ही नाकारली.

प्रिया आणि पारू अंगणात कासवाचा खेळ खेळतात. पारूच्या घोट्यात ती साखळी होती. मी काढायला सांगितली. प्रिया अगदी अदबीनं म्हणाली, "मॅडम, मग ही पण हरवेल." भाग्यश्रीबाई हसल्या. मी पाढे घेतले.

९ नोव्हेंबर

कासव सापडलं.

पंपाच्या खोलीत, झाकण लावलेल्या बादलीत. पाणी ताजं, मेथीचा पाला ताजा. प्रियानंच लपवलं होतं. मी बादली उचलून भाग्यश्रीबाईंपुढे ठेवली. त्यांना ठाऊक होतं. पारू इथं राहिल्यापासून प्रिया नीट जेवते, जाऊ देत चार दिवस, असं म्हणाल्या. मग माझी खोली मला आवडली का, ते विचारलं.

नाशिकची जागा सोडून आले आहे. परत जायला काही ठेवलेलं नाही.

बादली जागेवर ठेवली. झाकण मीच लावलं.

संध्याकाळी आवडी तिसरं कासव घेऊन फाटकाशी आली. पाय ओरखडलेले. हे ते नव्हे, असं मी तिला सांगितलं.

१० नोव्हेंबर

पारू बोलेनाशी झाली आहे. पाटीवर अ काढून दाखवला, तर मान वाकडी करून एका डोळ्यानं पाहिलं. दिवसभर हौदात बसते, गळ्यापर्यंत. थंडी वाजत नाही. पाणी एकदाही मागितलं नाही.

हातानं खात नाही. प्रिया मेथीचं पान धरते, आणि पारू मान लांब करून — मी आत आले.

११ नोव्हेंबर

पारूच्या पापण्या खालून वर मिटतात. जवळ जाऊन पाहिलं. दोनदा.

बादलीतलं कासव पाला खात नाही. सारखं तोंड उघडतं, मिटतं. माझा पाय वाजला की जास्तच. काहीतरी सांगत असल्यासारखं —

उद्या आवडीला देऊन टाकते. खोली गेली तर गेली.

१२ नोव्हेंबर, दुपार

बादली फाटकाबाहेर नेऊन आवडीला दिली. ओढ्यात सापडलं म्हण, असं सांगितलं. तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं.

ती आत आली. भाग्यश्रीबाईंनी कवचाचं भोक पाहिलं. हेच, म्हणाल्या. प्रिया साखळी धरून पारूला घेऊन आली.

"पारू, चल गं घरी."

पारूनं मान खांद्यांत ओढून घेतली. सगळी —

आणि बादलीतलं कासव कडेवर चढू लागलं. घसरलं. पुन्हा चढलं. आवडीच्या आवाजाकडे.

प्रिया म्हणाली, "तुझं ते. माझं हे."

आवडी ओरडली नाही. खाली बसली. बोट पुढे केलं. कासवानं ते तोंडात धरलं — चावलं नाही — नुसतं धरून —

भाग्यश्रीबाई माझ्या पाठीशी उभ्या आहेत. आत्ताच लिहा म्हणतात. आवडीचा अंगठा घेऊन टाका म्हणतात.

सुपूर्द केले : कासव एक. जिवंत. परत मागणार नाही.
घेणारी : आवडी.
नातं : आई —