एकेचाळिसावा धोका

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून बसवनगुडीच्या ऑफिसात रुजू. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरवर, आणि आमचं काम काय, तर कोकणातल्या एका खाडीत भरती-ओहोटीवर वीज करणाऱ्या प्रकल्पाचे धोके सांभाळायचे. प्रत्येक धोक्याची यादीत एक ओळ: काय बिघडू शकतं, उपाय काय, जबाबदार कोण. उपाय प्रत्यक्ष झाला की मगच ओळ 'बंद' करायची. भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, सुखदा, आधी मुग्धाकडून शिकून घे. मुग्धा शेजारच्याच टेबलावर, तीन पिढ्या इथल्याच. डब्यातलं थालीपीठ दिलं मला. राजाजीनगरची खोलीही झकास आहे, मेट्रोला लागून. पुण्याला आईला फोन करून सगळं सांगितलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
उठसूट मुग्धा. मीटिंगमध्ये मी बोलले की मॅडम मान हलवतात आणि तिच्याकडे वळून विचारतात, तुला काय वाटतं? ती इथल्या कानडी ढंगात म्हणते, स्वल्प थांबू या, थोडंसंच. सगळे थांबतात. मी चार वर्षं पुण्यात हेच काम केलंय. महिनाअखेर गटप्रमुख नेमायचाय आणि तो मान तिलाच मिळणार, हे शेंबडं पोरही सांगेल. माझा जळफळाट होतो. माझ्याच वहीत लिहायला लाज कसली?

मंगळवार, १८ फेब्रुवारी
मुग्धा दोन दिवस रजेवर. एकेचाळिसावी ओळ तिची: खाडीतल्या यंत्रांच्या तराफ्याचा नांगरदोर झिजलाय, बदलेपर्यंत कोणी चढू नये. तीन आठवडे उघडी पडलीय. खाडीवरून फोन आला, नवा दोर पोचला. पोचला म्हणजे बदलल्यातच जमा. मी ओळ बंद केली. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. ऐकायला मुग्धा नव्हती, एवढंच वाईट वाटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
मुग्धा रजेवरून परस्पर खाडीवर पाहणीला गेली होती. ओळ बंद दिसली, म्हणून तराफ्यावर चढली. भरतीच्या ओढीत दोर तुटला. तराफा सापडला. ती नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी
सगळे रडले. मीही. मॅडम म्हणाल्या, तिच्यासारखं काम आता कोणाला जमणार नाही. आजच्या दिवशीसुद्धा मला ते झोंबलं. सव्वाअकराला बेसिनचा कोरडा नळ वाहू लागला. टँकर आलाच नव्हता. पाणी खारट.

मंगळवार, २५
बारा वाजता पुन्हा. माझ्या टेबलाखाली, घोट्यापर्यंत. बाकी कोणाला दिसत नाही. खाडीच्या भरतीचं वेळापत्रक काढलं. तीच वेळ. एकेचाळिसावी ओळ उघडी आहे. मी बंद करते, ती पुन्हा —

बुधवार, २६
शिवरात्रीची सुट्टी. खोलीवर. पावणेएक. गुडघ्यापर्यंत — दाराखालून नाही, फरशीतूनच —

गुरुवार, २७
यादीत नवी ओळ. बेचाळीस. भाषा तिचीच, एक शब्द जास्त नाही. धोका: सुखदा, आज १:४०. उपाय: गच्चीवर जावे, ओहोटीपर्यंत थांबावे.
माझ्यामुळे गेली, आणि मलाच वाचवायला —
सगळे जेवायला खाली गेलेत. जिना समोर आहे. दोन मिनिटांचं काम.
पण गेले, तर पुन्हा तिचंच खरं. मेल्यावरही.

१:३२. कंबरेपर्यंत. गेले नाही. 'धोका नाही' लिहून ओळ बंद केली. जबाबदार म्हणून माझं नाव —

१:३७. छातीशी. जिन्याचं दार उघडत नाही — ओळही उघडत नाही — मुग्धा, मी लिहून देते, तुझंच बरोब