हात मांडीखाली

तीर्थरूप बाबा,

वडिलांना पत्रात तीर्थरूप लिहायचं असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. फार मनावर घेऊ नका.

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या फोटोला हार घालायची सवय झाली, तुमच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे साठायला लागले, आणि गेल्या रविवारी भर दुपारी आईला तुम्ही घरात दिसलात. आपल्या मुलुंडच्या हॉलमध्ये, टेबलापाशी उभे. म्हणून हे पत्र. माझं डोकं अजून सटकलेलंच आहे, तेव्हा मी भाषा सांभाळून लिहीन अशी अपेक्षा करू नका. तुम्ही कधी सांभाळलीत?

सुरुवात सीडीपासून झाली. माळा साफ करताना ती जुईला सापडली. जुई, तुमची नात, तुम्ही गेलात तेव्हा नर्सरीत होती, आता दुसरीत आहे. सीडीवर काळ्या मार्करने तुमचं अक्षर: 'लढाई. हात लावू नये.' तिने विचारलं हे काय, आणि मी बावळटासारखा रंगात येऊन सांगत बसलो. मी आणि आजोबा हा खेळ एकाच कॉम्प्युटरवर खेळायचो, एक पाळी त्यांची, एक माझी. किल्ले बांधायचे, हत्ती पोसायचे आणि एकमेकांची राजधानी पाडायची. तिला लगेच खेळायचंच होतं.

आता घरात मॅक आहे. त्याला सीडी घालायला जागाच नाही, आणि खेळ पडला विंडोजचा. मग तोच खेळ नेटवरून पुन्हा घेतला आणि मॅकवर विंडोजचे जुने खेळ चालवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. त्याचं काम एवढंच, खेळाला गंडवायचं: बाबा रे, तू तुझ्या जुन्याच घरी आहेस, चल, हो सुरू. किती डोकं फोडलं म्हणून सांगू! आधी पडदा काळा, मग नुसती खरखर, मग अक्षरांच्या जागी चौकोन. शेवटी एकदाची ती तुतारी वाजली आणि हिरवा नकाशा उघडला. माझ्या अंगावर काटा आला.

तुमचा खेळ आठवतोय तुम्हाला? तुमच्या कंपनीच्या गेटला टाळं लागलं आणि माझ्या कॉलेजसाठी आणलेल्या कॉम्प्युटरसमोर तुम्हीच ठाण मांडून बसायला लागलात. जिंकलेलं गाव तुम्ही कधी ठेवायचाच नाहीत. ठेवलं तर धान्य मिळतं, शिपाई मिळतात, मी कानीकपाळी ओरडायचो. तुम्ही जाळायचात. "गाढवाचा नांगर फिरवतो," म्हणायचात आणि क्लिक. शेतं पेटायची, माणसं विहिरीकडे पळायची, तुमचे हत्ती त्यांना तुडवत जायचे, आणि तुम्ही शांतपणे चहा ओढायचात. टाळं लावणाऱ्या मालकाचं तुम्ही काही वाकडं करू शकला नाहीत, हे आता कळतं मला. पण ते गाव मालकाचं नव्हतं बाबा, माझं होतं.

आणि तो नियम. एकदा तुमच्या पाळीत माझा हात माऊसला लागला आणि तुमचं सगळं घोडदळ दलदलीत जाऊन बसलं. त्या दिवसापासून ज्याची पाळी नाही त्याने दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचं. नियम दोघांना सारखा, म्हणालात. तुम्ही बसलात का कधी तसे? मी बसायचो. त्यामुळे तुमची थप्पड यायची तेव्हा तोंड झाकायला हातच नसायचे. ते काढेपर्यंत दुसरी बसलेली असायची. माझ्याकडे फक्त पापण्या होत्या. तुमचा खांदा हलला की मी डोळे गच्च मिटायचो.

चांगली चाल केली की "झकास रे नित्या" म्हणून पाठीत धपका घालायचात, तेही आठवतं. त्या धपक्यावर मी कितीतरी दिवस काढायचो. सांगायची लाज वाटते, पण आजही ऑफिसात कुणी झकास म्हटलं की मला तुमचा आवाज ऐकू येतो. असं का करून ठेवलंत माझं?

हरायला लागलात की तुमचा पाय हळूच टेबलाखाली सरकायचा. अंगठ्याने बोर्डाचं बटण दाबलं की पडदा बंद. "लाइट गेली." वर पंखा गरगर फिरतोय, आत आईचा मिक्सर चालू आहे, आणि आम्ही माना डोलवायच्या, हो, गेली लाइट!

एकदा मात्र तुमची राजधानी पडता पडता लाइट गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पंखा चालू आहे."

तुम्ही कीबोर्ड उचललात आणि माझ्या डोक्यात घातलात. शिरा पडो तुझ्या तोंडार, अशी गावाकडची शिवी हासडलीत, आणि पुन्हा घातलात. बटणं खोलीभर उडाली. भुवईवरून गरम काहीतरी वाहायला लागलं, आणि माझे हात अजून मांडीखालीच. आई पीठ माखलेल्या हातांनी धावत आली आणि मध्ये पडली. मग तिची पाळी. तिने उजवा कोपर वर करून तोंड झाकलं आणि तुम्ही त्या कोपरावर कीबोर्ड मारत राहिलात. बांगड्या फुटून तिच्याच मनगटात घुसल्या. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तुम्ही दमल्यावर थांबलात, चप्पल घातलीत आणि नाक्यावर जाऊन आलात. येताना आमच्यासाठी गरम वडे आणलेत. आम्ही ते खाल्ले बाबा! आई एका हाताने खात होती आणि दुसऱ्या हाताने काचा आणि बटणं गोळा करत होती.

पुढे तुम्ही म्हातारे झालात. शुगर झाली, मवाळ झालात, जुईला मांडीवर घेऊन तिच्या वेण्या विस्कटायला लागलात. तिला तुमचा तो हात माहीतच नाही. मला तिचा हेवा वाटायचा. आजही वाटतो.

आता रविवार. मी आणि जुई खेळायला बसलो. तुमची सून प्राची माहेरी गेली होती. मागे दिवाणावर आई मेथी निवडत होती. आणि मी, काही विचार न करता, पोरीला पहिली गोष्ट काय शिकवली असेन? माझी पाळी असली की हात मांडीखाली.

पोरगी खेळते मात्र तुमच्यापेक्षा भारी. गावं जाळत नाही, जपते. त्यामुळे थोड्याच वेळात तिच्याकडे एवढे हत्ती जमले की माझी वाट लागली. माझी तटबंदी तिने कुठल्या कुठे उडवली, माझे धनुर्धारी बुरुजावरून खाली पडत होते, रक्ताचे लाल ठिपके नकाशाभर. ती मोठ्याने हसत होती. मलाही हरताना मजा येत होती, शप्पथ. राजधानीवर शेवटचा हल्ला चढवून तिने पाळी संपवली, शहाण्यासारखे हात मांडीखाली घेतले आणि आता पडते म्हणून बघत बसली. राजधानी पडली, आणि पडदा काळा. खेळच बंद!

मी म्हटलं, सॉफ्टवेअर आपटलं गं, जुना खेळ आहे. तिने नकारार्थी मान हलवली. तुम्ही हरलात की लाइट जायची आणि पंखा मात्र फिरत राहायचा, ही गोष्ट आईने तिला गंमत म्हणून सांगितली होती. आपल्या घरातल्या बायका काय काय गंमत म्हणून सांगतात!

"खोटं," जुई म्हणाली. "तू बंद केलंस. पंखा चालू आहे."

माझा हात वर गेला, असं लिहिणार होतो. तुमचंही तेच म्हणणं असायचं, हात उठला, हात गेला. मी उचलला. चांगला खांद्याच्या वर, पंजा उघडा. कानात रक्त धडधडत होतं, आणि या कार्टीचं थोबाड फोडायचं, एवढंच डोक्यात होतं. मी काही केलेलं नसताना मला खोटारडा म्हणते! मी तर निर्दोष होतो बाबा, आणि तो राग किती गोड असतो ते मला तेव्हा कळलं.

जुईने डोळे मिटले नाहीत. तिला कुणी कधी मारलेलंच नाही, वर गेलेला हात खाली कुठे येतो हे तिला काय माहीत? हात मांडीखाली तसेच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

मागे ताट पडल्याचा आवाज झाला. वळून बघितलं. मेथी फरशीभर पसरली होती, आणि आई दिवाणाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून, उजवा कोपर वर, तोंड झाकून बसली होती. तिच्यापर्यंत माझा हात पोचलाही नसता. मी हात खाली घेतला. "आई, अगं," एवढंच तोंडातून निघालं.

तिने कोपर हळूहळू खाली केला. माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मला वाटलं, हे आले," ती म्हणाली.

कोण आले, असं जुईने विचारलं. आई खाली बसून मेथी गोळा करायला लागली, आणि मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत होतो. खरं सांगू? तो उतरवून फरशीवर आपटावा, पायाखाली घेऊन चुरा करावा, असं वाटत होतं. तुम्ही जिवंत असतात तर गळाच धरला असता. फोटो वाचला तो एकाच कारणाने. काचाही आईच गोळा करत बसली असती.

मग मी त्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलो. दोष सापडला तेव्हा हसू आलं. राजधानी पडली की विजयाची एक छोटी फिल्म लागते, आठवतं? हत्तीवरून मिरवणूक, फुलं उधळतात. ती जुनी फिल्म या सॉफ्टवेअरला झेपत नाही. म्हणजे अख्खी लढाई व्यवस्थित चालते, आणि कुणी जिंकलं रे जिंकलं की सगळं कोसळतं. आपल्या घरासारखंच की! मी ती फिल्म फोल्डरमधून काढून टाकली. आता पडदा जरासा काळा होतो आणि पुढे चालू.

काल संध्याकाळी पुन्हा बसलो. जुईला आधी सॉरी म्हटलं. तिने विचारलं, त्या दिवशी तू मला मारणार होतास का. मी हो म्हटलं. खुर्ची टेबलाजवळ ओढत ती म्हणाली, चल, खेळू. नियम बदलला. हात मांडीखाली घेणार तो मी. तिचे दोन्ही हात टेबलावर, मोकळे, पाळी कुणाचीही असो. तुतारी वाजली तशी आई उठून स्वयंपाकघरात गेली. रविवारपासून खेळ लागला की ती हॉलमध्ये थांबत नाही.

माझी राजधानी पुन्हा पडली. जाळू की ठेवू, असं जुईने विचारलं. तुझी आहे, तू ठरव, म्हटलं. तिने ठेवली, आणि असली बोंब ठोकली की आई ओट्यापासून धावत दारात आली. तिने पडद्याकडे बघितलं नाही, जुईकडेही नाही. आधी माझे हात कुठे आहेत ते बघितलं.

ते मांडीखाली होते. ते दिसल्यावरच ती हसली.

म्हणून शब्द देतो बाबा, आणि तुमच्यासारखा मोडणार नाही. आई दारात येऊन आधी माझ्या तोंडाकडे बघेल, त्या दिवसापर्यंत हे हात तिथेच राहतील. तोवर तुम्हाला नमस्कार नाही. त्याला हात मोकळे लागतात.

तुमचाच,
नित्या