आपल्या वतीने

४ नोव्हेंबर

पूर्वी फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडताना यंत्र किंचाळायचं. चीं... खर्र... टिडिंग, टिडिंग. आमची लेक मिरे तेव्हा सहा वर्षांची. ठेंगण्या मेजाशी मांडी घालून ती त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची आणि हसता हसता तिच्या आईचा घास अडकायचा. आज बोटीतून उतरताना तोच आवाज कानात घुमत होता. फार प्रसन्न वाटलं.

बेटावरची ही शाळा मुलं संपली म्हणून बंद पडली. तिच्या एका वर्गात आता गावाची कॉम्प्युटर-खोली आहे आणि मी तिचा राखणदार. जन्मभर मुलांकडून कविता पाठ करून घेतलेल्या माणसाला उतारवयात पुन्हा फळा मिळाला, आणि खिडकीत समुद्र! गावप्रमुख थाक यांनी मागच्या खोलीची किल्ली दिली, दुकानवाल्या बोंगन्योबाईंनी आंबवलेल्या तिखट कोबीचा, किमचीचा डबा. म्हणाल्या, "जेवा गुरुजी, कवितेनं पोट भरत नाही."

माझा फोन साधा, बटणांचा. रविवारी मिरेशी इथूनच बोलेन. ती कॅनडात असते. आईच्या अंत्यविधीनंतर ती आलेली नाही. रविवार हा आता माझा एकुलता एक सण.

७ नोव्हेंबर

ब्राउझर इतका जुना की बँकेचं पान उघडेना. थाक आले. त्यांनी समजावलं की इथली यंत्रं थेट बाहेर जात नाहीत. कपाटातला तो दिवे लुकलुकणारा डबा आपल्या नावानं बाहेर जातो, हवं ते घेऊन येतो. समोरच्याला वाटतं आपणच आलोय. त्याला प्रॉक्सी म्हणतात. मला तर जुन्या काव्यातला निरोप्याच आठवला.

मग अपडेट सुरू केलं. चौकटीवर चौकट. सुरक्षेसाठी हे बसवू का, ते बसवू का. मी एकेक वाचू लागलो तर ते खेकसले, "वाचत काय बसलात, गुरुजी? 'होय' दाबा. 'नाही' म्हणाल तर या देशात एक पान उघडायचं नाही!" आणि जेवायला निघून गेले.

मी होय, होय दाबत गेलो. शेवटच्या चौकटीत एवढंच होतं : 'आपल्या वतीने ये-जा करू का?' भाषा जुन्या वळणाची, मोठी आर्जवी. होय.

१२ नोव्हेंबर, रविवार

मिरेला व्हिडिओ कॉल लावला तर ती गोंधळली. म्हणाली, आप्पा, आत्ताच तर तासभर बोललो आपण. मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचे डोळे रडून सुजले होते. आईबद्दल तुम्ही पहिल्यांदाच इतकं मोकळं बोललात, म्हणाली. बरं वाटलं, म्हणाली.

तिच्या आईबद्दल मी तिच्याशी कधीच बोलू शकलेलो नाही. दर रविवारी ठरवतो आणि हवापाण्यावर येतो.

तिला झोप येत होती. ठेवला.

१५ नोव्हेंबर

दुकानात गेलो. बोंगन्योबाई म्हणाल्या, "पुन्हा? मघाशीच तर टोफू नेलात! लागलं हो गुरुजींना म्हातारपण!" शेगडीभोवतीच्या बायका हसल्या. मीही हसलो.

मघाशी मी म्हणे तिथं बसून कविता म्हटली. सगळ्यांचे डोळे पाणावले म्हणे.

खोलीत टोफू नाही. दोनदा पाहिलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सीची खूण काढली. पान बंद करून उघडलं की खूण पुन्हा तिथंच. खाली नवी ओळ : 'आपण विश्रांती घ्यावी.'

थाकना गाठलं, म्हटलं तो डबा बंद करा. ते चक्रावले. "अहो, काल तुम्हीच घरी येऊन सांगितलंत ना, मी कितीही गयावया केली तरी बंद करू नका म्हणून?"

काल मी दिवसभर अंथरुणात होतो.

मिरेला लावला. पडद्यावर दिसली — हसत होती, मान डोलावत होती, पण माझ्याकडे बघून नव्हे. मी तिला हाका मारत राहिलो. शेवटी अक्षरं आली : 'आप्पा दुसऱ्या संभाषणात आहेत.'

२२ नोव्हेंबर

डब्याची तार उपटली. त्याचे दिवे गेले. पण ब्राउझर चालूच —

थाक दारात आले. मी उठून नमस्काराला वाकलो. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. हवापाण्याचं बोलले. उत्तर ऐकल्यासारखे थांबले. हसले. गेले.

२४ नोव्हेंबर

बोंगन्योबाईंना तोंडासमोर ओरडून सांगितलं. त्या कोबी चिरत राहिल्या.

निदान मिरेला कळायला हवं. ती तरी ओळखेल. आपल्या बापाला —

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळची बोट लागली. शाळेच्या दारात कुणीतरी बूट काढतंय. बॅग — लाल मफलर —

मिरे!

न कळवता आलीय. माझी मिरे. इतक्या वर्षांनी. "आप्पा?" म्हणतेय. मी इथं आहे, पोरी, इथं, खिडकीपाशी —

मागच्या खोलीतून आवाज आला. माझाच. "आलो गं, मिरे."

ती धावली. माझ्या अंगावरून. धक्काही लागला नाही. ती रडतेय. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतोय. आईचं नाव घेतोय. अगदी जसं मी घेतलं असतं तसं —

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला विचारतोय, बाळा, त्या खिडकीपाशी कुणी बसलंय का?

ती वळली. नीट बघतेय. मिरे, मी — हा बघ, मी लिहितोय —

म्हणाली, नाही आप्पा, तिथं तर